धारोष्ण दुधाची डिग्री

माझी स्मरणशक्ती फार चांगली आहे असं आमच्या शाळेतले लोक कौतुकानं म्हणतात. ते खरं नाही. मला फोन नंबर पाठ होत नाहीत, गॅस बंद केला की नाही हे दारापर्यंत गेल्यावर आठवत नाही. माझ्या लक्षात राहतं ते एवढंच, की आमचं कुणी काय वाईट केलं. असा डूख धरू नये म्हणतात. मी धरला, बरीच वर्षं धरला, आणि तो कसा फिटला हे सांगायला मला कसली लाज वाटत नाही.

आमचं गाव बीदर जिल्ह्यात, हुमनाबादच्या बाजूचं, निर्ण्यापासून फार लांब नाही. घर मूळचं मेंढरांचं. आजोबांपर्यंत सगळे कळपामागं फिरले. पुढं चराईच्या रानात ऊस उभा राहिला, मेंढरं फिरवायला वाट उरली नाही, तेव्हा वडिलांनी, आमच्या अप्पांनी, कळप विकून म्हशी घेतल्या आणि स्वतः हैदराबादला इमारतींच्या कामावर गेले. सणाला यायचे, दाढी वाढवून आणि सिमेंटनं हात फोडून घेऊन. मागं म्हशींचं सगळं मायच्या अंगावर पडलं. ती ते करायची पण झोकात. गोठ्यात शेणाचा वास यायचा तितकाच धुतलेल्या भांड्यांचा यायचा. गावात दूध डेअरीचं केंद्र निघालं तेव्हा पहिल्या दिवसापासून रांगेत पहिली चरवी तिची असायची, कारण केंद्र आमच्या गोठ्याला लागून होतं. इतकं लागून की धार काढून उठलं आणि कोपरा वळलं की केंद्राचा ओटाच. वस्तीवरच्या बाया डोक्यावर कळशा घेऊन, शेतातली माणसं सायकलीला कॅन लावून बऱ्याच उशिरानं यायची. तोवर माय दूध घालून घरी येऊन भाकरीला बसलेली असायची.

आता एक रिवाज सांगते. आमच्याकडं दूध कोरं घराबाहेर जाऊ देत नाहीत. चरवी उचलण्याआधी माय माठात बोट बुडवायची आणि ते ओलं बोट दुधाला टेकवायची. त्याला पाण्याचं बोट म्हणायचे. बिनपाण्याचं दूध परक्याच्या नजरेला पडलं तर म्हशीच्या कासेला दृष्ट लागते, असं सगळ्या बाया मानायच्या. एकट्या आमच्या घरी नव्हतं हे. अख्ख्या गावात होतं, पाटलाच्या वाड्यात होतं, मास्तरांच्या घरातही होतं. बोटाला चिकटून किती पाणी जाणार? कुणी त्याला पाणी घालणं म्हणतच नव्हतं.

केंद्राचा सेक्रेटरी या मास्तरांच्याच घरातला. वडील शिक्षक, भाऊ बीदरला कचेरीत, हा पीयूसी, म्हणजे बारावी, करून गावात परतलेला. खिशाला पेन, केसाला तेल, बोलताना मध्ये मध्ये कानडी, मध्ये मध्ये उर्दू. सगळे त्याला सेक्रेटरी अण्णा म्हणायचे, त्याच्याहून मोठे लोकसुद्धा. एका थंडीत वरून तक्रार आली की ह्या गावचं दूध पातळ येतंय. मग बीदरहून नळी आली. काचेची, पोटात छर्रे भरलेली, वर मानेवर रेघा. दुधात सोडली की तरंगते. दूध घट्ट असेल तर मान वर राहते, पातळ असेल तर नळी खोल जाते. कुठल्या रेघेपर्यंत बुडाली ती त्या दुधाची डिग्री. हे त्यानं ओट्यावर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. मी तेव्हा शाळेत होते, चरवीचं झाकण धरून मायच्या मागं उभी होते.

पहिली चरवी मायची. नळी सोडली आणि ती पास व्हायच्या रेघेपेक्षा खोल गेली.

"ह्यात पानी हाय," तो म्हणाला.

"न्हाई अण्णा," माय म्हणाली. "आत्ता धार काढून आलेय. अजून गरम हाय दूध, हात लावून बघा."

त्यानं चरवीला हात लावला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हात लावला, काढला, धोतराला नव्हे तर पँटीला पुसला, आणि म्हणाला, "नळी खोटं बोलत न्हाई. खोटं तू बोलायलीस."

मागून कुणीतरी म्हणालं, भंडार उचलू द्या की तिला. आमच्याकडं याच्यापुढं शपथ नाही. मैलाराच्या, म्हणजे आमच्या खंडोबाच्या, देवळातून मूठभर भंडार आणि बेलाचं पान आणलं, ओट्यावर मांडलं. एक थेंबही पाणी घातलं नाही असं बोलून ते उचलायचं, की विषय मिटला. मायनं हात पुढं केला. मला वाटलं, सुटलो. आणि तिनं हात मागं घेतला.

"थेंब न्हाई कसं म्हनू?" ती म्हणाली. "पान्याचं बोट लावलंय. तेवढंच."

लोक जे हसले! ज्यांनी त्याच सकाळी आपल्या घरी बोट बुडवलं होतं त्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एकजण म्हणाला, बोट कोनाचं, हत्तीचं का? त्यांच्यातल्या एकीला, फक्त एकीला, 'अहो, ते आम्हीपन लावतो' एवढं म्हणायला जीभ उचलली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. कुणी बोललं नाही. मैलाराचा भंडार खोट्यानं उचलायला घाबरली म्हणून माझी माय खोटी ठरली, आणि ज्यांना कुणी उचलायला सांगितलाच नाही ते सगळे खरे.

सेक्रेटरीनं चरवी उचलली आणि ओट्याच्या कडेनं गटारीत ओतली. सावकाश ओतली, सगळ्यांना दिसावी म्हणून. दूध वाफाळत होतं. दोन कुत्री आली. मायनं रिकामी चरवी घेतली, माझ्या हातातलं झाकण घेऊन तिच्यावर घट्ट बसवलं, जणू आत काही होतं, आणि आम्ही कोपरा वळून घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून ती पाणीवाली झाली. नाव फार पटकन चिकटतं. दुकानात मीठ आणायला गेलं तरी, "पाणीवालीची पोर आली, दे रे तिला." शाळेत पोरं माझ्या पाटीवर थुंकी लावून म्हणायची, तुझ्या मायनं पाठवलं काय. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांना पाण्याचा तांब्या दिला तर शेजारीण दारातून म्हणाली, दूध बी दिलं तर फरक कळायचा न्हाई. त्या शेजारणीचं तोंड मला अजून पाठ आहे. तिला पुढं मधुमेह झाला तेव्हा मी भेटायला गेले नाही, आणि का गेले नाही हे तिच्या मुलाला तोंडावर सांगितलं.

माय पुन्हा त्या ओट्यावर चढली नाही. दुधाचं दही लावायची, लोणी काढायची, तूप कढवून हुमनाबादच्या बाजाराला न्यायची. दुप्पट राबणं होतं. पण तिनं पाण्याचं बोट लावणं बंद केलं. मग ते थंडीचे दिवस संपायच्या आत आमच्या चांगल्या म्हशीच्या कासेला दगडी झाली. सड टणक झाले, धारेत रक्त यायला लागलं, औषधपाणी केलं तरी दोन सड कायमचे गेले. माय गोठ्यात म्हशीच्या गळ्याला हात घालून बसायची. बोट लावलं तर चोर, न लावलं तर म्हशीची कास जाते. तिला त्या माणसानं कुठं उभं केलं होतं ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं, पण त्याचा राग मात्र नीट यायचा.

तो राग माझ्या फार उपयोगी पडला. दहावीला गावातून मी एकटीच पहिल्या वर्गात आले. बीदरला पीयूसीला गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले, सायन्स घेतलं. लोकांना डॉक्टर व्हायचं असतं, इंजिनियर व्हायचं असतं. मला काय व्हायचंय हे मला माहीत नव्हतं, कुणाच्या समोर काय होऊन उभं राहायचंय ते मात्र पक्कं होतं.

मग एका दुपारी फिजिक्सच्या तासाला घनता आली. शिकवणारे सर तेलुगू वळणाच्या कानडीत शिकवायचे. ते म्हणाले, तेवढ्याच वस्तुमानाला जागा जास्त मिळाली की घनता कमी होते. पदार्थ तापला की फुगतो, फुगला की तेवढ्याच पेल्यात कमी मावतो. म्हणून हायड्रोमीटर वापरताना द्रव किती गरम आहे ते आधी बघायचं, नाहीतर माप चुकतं. वर्गातल्या इतरांनी ते लिहून घेतलं. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, दूध?"

"दूधही," सर म्हणाले. "म्हशीचं तर जास्तच. आत्ता धार काढलेलं असेल तर गरम असतं, शिवाय फेसाचे बारीक बुडबुडे अंगात असतात. लॅक्टोमीटर खाली जाणारच. निवू द्यायचं, मग बघायचं."

मला त्या बाकावर बसवेना. गावात सगळ्यात ताजं दूध मायचं होतं. सगळ्यात पहिली ती होती. वस्तीवरची दुधं थंडीच्या वाऱ्यातून निवून यायची आणि बरोबर भरायची. आमचं दूध नापास झालं ते ताजं होतं म्हणून. पुढं आणखी वाचत गेले तशी आणखी जळत गेले. साय हलकी असते. म्हणजे दूध जितकं सायीचं, तितकी त्याची घनता थोडी कमी. माय शेवटच्या धारा निपटून काढायची, त्या धारांतच जास्त स्निग्धता असते. उलट कुणी आदल्या रात्रीच्या दुधावरची साय काढून घेतली तर उरलेलं दूध जड होतं, आणि त्यात बेतानं पाणी घातलं की नळी बरोबर रेघेवर येऊन थांबते. आमच्या गावात एका मोठ्या घरात सायीचं लोणी भरपूर निघायचं आणि दूधही कधी नापास झालं नाही, याचा उलगडा मला तेव्हा झाला. दोनदा चोरी केली की माणूस इमानदार निघतो, असं ते यंत्र होतं. सेक्रेटरीनं त्याला मैलारापेक्षा वरचं केलं होतं.

सुट्टीला घरी गेले ती पळतच गेले. मायला चुलीपुढं बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर हसेल. ती भाकरी थापत राहिली.

"एवढा शिकलेला मानूस चुकंल व्हय?" ती म्हणाली. "माझंच बोट जरा जास्त भिजलं असंल त्या दिवशी."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती अपमान गिळून बसलीय. ती तर गुन्हा कबूल करून बसली होती. लोक म्हणाले पाणीवाली, आणि तिनंही ते मानलं होतं. त्या दिवशी सेक्रेटरीकडचं माझं येणं फार वाढलं.

पुढच्या वेळी मी हैदराबादच्या एका दुकानातून लॅक्टोमीटर आणि काचेचा उंच नळा घेऊन आले. गोठ्यातच मांडला. धार काढली, गरम दुधात नळी सोडली, खाली गेली. तेच दूध आडाच्या पाण्यात ठेवून निवू दिलं, फेस जिरू दिला, पुन्हा सोडली, मान वर. मग मायला म्हटलं, आता तुझं बोट लाव. तिनं लावलं. नळी हलली नाही. मी म्हटलं, आणखी लाव. ती लावत गेली, माठातून दुधात, माठातून दुधात, आणि नळी जिथल्या तिथं. मग तिनं थांबून बोट पदराला पुसलं आणि त्या नळीकडं बघितलं.

"मला दाखवून काय उपेग?" ती शेवटी म्हणाली. "ज्यांनी बघितलं व्हतं त्यांना कोन दाखवनार?"

मी म्हटलं, मी दाखवीन. ती म्हणाली, "राहू दे. लोकायला आता आठवत बी नसंल." तेवढं म्हणून ती म्हशीला पाणी पाजायला उठली.

त्यानंतर मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, सरकारी शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाले. गावात मोबाईल आले, पोरं पुण्याला कंपनीत गेली, डेअरीवर फॅट मोजायचं मशीन आलं. सेक्रेटरी तोच. केस पिकले, खिशाला अजून पेन. मी सुट्टीला आले की वाटेत भेटायचा आणि म्हणायचा, "काय मॅडम, आमच्या गावाचं नाव काढलंत." मी हसायचे. दात दाखवता येतात तोवर हसायला काही लागत नाही.

मग तो निवृत्त व्हायचा झाला. डेअरीच्या ओट्यावर सकाळी दुधाच्या वेळीच त्याचा सत्कार ठरला, आणि प्रमुख पाहुणी म्हणून गावची शिकलेली लेक, म्हणजे मला, बोलावलं. आयोजक पोरं नव्या वयाची होती, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. शाळेच्या मुलांना विज्ञानावर चार शब्द सांगा म्हणाले. मी म्हटलं, चार शब्द कशाला, प्रयोगच करून दाखवते. देव देतो तेव्हा असं ताटात वाढून देतो. मायला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मी त्या ओट्यावर येत न्हाई." मी एकटीच गेले.

मी सेक्रेटरीच्या बायकोला आधीच निरोप दिला होता, तुमच्याच घरचं ताजं दूध प्रयोगाला द्या, मान तुमचा. ती बिचारी खुशीनं धारोष्ण चरवी घेऊन आली, फेस वर आलेला. मी ते नळ्यात ओतलं, लॅक्टोमीटर काढला आणि माईकवर म्हटलं, ज्यांनी ह्या गावाला डिग्री शिकवली त्यांनीच वाचून दाखवावी. टाळ्या झाल्या. तो उठला, जवळ आला, नळ्याला त्याचा हात लागला. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे आधी निवू द्या मॅडम. गरम दुधाची डिग्री कमी येते."

माईक चालू होता. मी म्हटलं, "वाचा तर खरं."

त्यानं वाचली. रेघेच्या पार खाली.

"म्हणजे ह्यात पाणी आहे?" मी विचारलं.

त्याच्याआधी त्याची बायकोच बोलली, आळ आपल्या अंगावर आला म्हणून. "पानी कशाला घालू मी? पान्याचं बोट लावलंय फक्त. ते तर सगळ्याच लावत्यात!"

समोरच्या म्हाताऱ्या बायांपैकी दोघी-तिघींची मान खाली गेली. त्यांना आठवलं होतं. सेक्रेटरी माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. मी चरवी गार पाण्याच्या घमेल्यात ठेवली, भाषणं झाली, नारळ झाला, शाल झाली. मग तेच दूध पुन्हा नळ्यात, पुन्हा नळी, आणि ती वर. मी मुलांना घनता समजावून सांगितली. शेवटी म्हटलं, ह्याच ओट्यावर एका बाईचं ताजं दूध ह्याच कारणानं गटारीत ओतलं गेलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आयोजक पोरगा म्हणाला, मॅडमनी फारच उद्बोधक प्रयोग दाखवला. कुणी विचारलंच नाही ती बाई कोण. ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले, ज्यांना माहीत नव्हतं ते पेढे खात होते. मी इतक्या वर्षांत जे शिजवलं होतं ते सगळं त्या पेढ्यांबरोबर वाटलं गेलं. घरी येऊन मी हातातला नळा खाटेवर आपटला.

दुपारी तो आमच्या दारात आला. एकटाच, शाल घरी ठेवून. मायनं त्याला बाजेवर बसायला सांगितलं. ती स्वतः उंबऱ्याशी बसली.

"अक्का," तो म्हणाला, "तव्हा माझं चुकलं. मला ठाव नव्हतं. नळी दिली, एका दिवसात शिकवलं आन पाठवून दिलं. माफ करा."

ज्या बाईला तो तेव्हा ए, तू म्हणत होता तिला आता अक्का म्हणायला लागला होता. मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. मायनं माझ्याकडं न बघता हात वर केला, गप म्हणून.

"ठाव नव्हतं हे खरं असंल," ती म्हणाली. "मग ठाव कव्हा झालं?"

त्यानं खिशातलं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं.

"सकाळी तुमच्या तोंडून आलं म्हनं, आधी निवू द्या. पोरीनं सांगितलं मला. ते कव्हा शिकलात?"

"पुढच्या साली," तो हळू म्हणाला. "धारवाडला ट्रेनिंगला पाठवलं व्हतं. तितं सांगितलं."

"मग तव्हापासून निवूनच बघायलात."

"व्हय."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

मला आठवलं. पुढच्या वर्षापासून डेअरीवर कॅन सावलीला मांडून ठेवायला लागले होते. आम्हाला वाटायचं, नासू नये म्हणून. एका वर्षात त्याला सगळं कळलं होतं. त्यानं पद्धत बदलली, आणि आमच्या दारावरून रोज येत-जात राहिला. पोरं माझ्या पाटीवर थुंकत होती तेव्हा त्याला माहीत होतं. माय डोक्यावर तूप घेऊन बाजाराला चालत जायची, तो सायकलवरून तिला मागं टाकून जायचा, तेव्हा त्याला माहीत होतं. मी ज्याचा सूड घ्यायला निघाले होते ती तर त्याची लहान चूक होती. मोठी मला त्या दुपारी कळली.

"मग सांगायला कामून आला न्हाईत?" मायनं विचारलं.

"लाज वाटली अक्का. सेक्रेटरी म्हनून नवीन व्हतो. लोक म्हनले असते, ह्याला कळतच न्हाई." त्यानं हात जोडले. "झालं गेलं. आता मोठ्या मनानं..."

"माझं मन तेवढं मोठं न्हाई," माय म्हणाली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. "दूध तुम्ही ओट्यावर सांडलं. माफी घरात येऊन मागायलात. उद्या सकाळी दुधाच्या येळंला तितं या आन सांगा. मी येते."

"अक्का, आजच सत्कार झालाय. सोयरे आलेत गावात. जावई हाय."

"जावयाला बी आना," माय म्हणाली, आणि उठून आत गेली.

मी काचेचे नळे वागवत फिरले, माईकवर बोलले, आणि माझ्या हाती टाळ्या आल्या. तिनं चार वाक्यांत त्याला घाम फोडला. मला तिचा फार अभिमान वाटला. तिचं मन तेवढं मोठं नाही याचा.

सकाळी तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं. गोठ्याचा कोपरा वळून ओट्याच्या पायऱ्या चढली. मशीन टिकटिक करत होतं, नवा सेक्रेटरी आकडे सांगत होता, रांग लागली होती. रांगेतल्या एकदोघी तिला बघून एकमेकींना ढोसायला लागल्या. म्हातारे सेक्रेटरी आले. जावई बरोबर नव्हता. मला वाटलं होतं येणारच नाहीत, पण आले. बहुधा माय त्यांच्या घरी येईल याची जास्त भीती वाटली असेल.

ते ओट्याच्या कडेला उभे राहिले, जिथून तेव्हा चरवी ओतली होती तिथंच, दुसरीकडं जागा नव्हती म्हणून. खाली बघून पुटपुटले, "तव्हा... ह्या अक्कांच्या दुधात पानी नव्हतं. गरम व्हतं म्हनून डिग्री कमी आली."

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाई," माय म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा वर.

"आन तुम्हाला कव्हा कळलं, ते?"

"पुढच्या सालीच कळलं व्हतं."

"मोठ्यानं."

"पुढच्या सालीच कळलं व्हतं. मी सांगितलं न्हाई." ह्या वेळी आवाज फुटला आणि ओट्याच्या भिंतीवर आपटून सगळ्यांपर्यंत गेला. एक म्हातारी डोळ्याला पदर लावायला लागली. मी तिला ओळखत होते, तेव्हा ती तोच पदर तोंडाला लावून हसली होती. मला तिची कणभर दया आली नाही.

सेक्रेटरींनी घाम पुसला आणि पायऱ्या उतरायला चपलेत पाय घातला. तेवढ्यात वस्तीवरच्या बाया डोक्यावर कळशा घेऊन वळणावरून येताना दिसल्या.

"थांबा अण्णा," माय म्हणाली. "त्या आत्ता यायल्यात. त्यांच्यासाठी पयल्यापासून सांगा."

त्यांनी चपला काढल्या आणि त्या बाया कळशा उतरवेपर्यंत तिथं उभे राहिले. मग पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.